कानविंद्यांचा छेद

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या तांबट आळीतल्या एका वाड्यात आर्किटेक्चर शिकणारी तीन मुलं मापं घेत होती. एक जण टेपचं टोक खांबाच्या तळखड्याला दाबून उकिडवा बसलेला, दुसरा ओसरीवरून आकडे ओरडून सांगणारा, आणि तिसरी चौकातल्या फरशीवर मांडी घालून ते आकडे वहीत उतरवणारी. दुपारचा दीड वाजला होता. बाहेर गल्लीत उन्हानं डोळे उघडवत नव्हते, आत चौकाच्या कडेला मात्र बसवत होतं. माडीच्या कठड्यावरून त्यांनी ओळंबा खाली सोडला होता. त्याच्या दोरीला अडकलेला जळमटाचा एक तुकडा वरच्या दिशेनं फडफडत होता. बाहेर पान हलत नव्हतं, तरी तो फडफडत होता.

"काका, प्लॅन सोपा असतो. सेक्शन काढताना फेफे उडते," ती मुलगी म्हणाली.

सेक्शन म्हणजे छेद. कलिंगड कापावं तसा वाडा उभा कापला, तर आत जे दिसेल त्याचं चित्र. जोत्याची उंची, सोप्याचा कडीपाट, वरची माडी, कौलांचा उतार आणि मधोमध आकाशाला उघडा असलेला चौक. घराचा प्लॅन खोल्या किती ते सांगतो. ऊन कुठवर येतं, हवा कुठून निघते आणि माणूस कुठं टेकतो, हे छेद सांगतो.

गप्पा निघाल्या तेव्हा मुलांनी मोठ्या वास्तुकारांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. राइट, कार्बुझिए, लुई कान, ग्रोपियस. मी विचारलं, "आणि कानविंदे?" टेप धरलेला मुलगा जरा विचार करून म्हणाला, "ते कोकणातले ना?" उत्तर अर्धं बरोबर होतं, म्हणून अर्धे मार्क दिले. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

अच्युत कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ चा, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा. तेव्हा तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग पुष्कळ नंतर वेगळा झाला. आचरा दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, रामेश्वराचं देऊळ आणि गावपळण. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री गावात चिटपाखरू राहत नाही. माणसं वेशीपलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या बांधून राहतात. चूल कुठं, पाणी कुठं, म्हातारी माणसं कुठं, गुरं कुठल्या अंगाला, हे सगळं संध्याकाळपर्यंत ठरवून उभंही करायचं असतं. हे काम कुठल्याही आर्किटेक्टला न विचारता पिढ्यानपिढ्या चाललं आहे. आर्किटेक्टच्या जन्मगावाला असा रिवाज असावा, यातली गंमत मला सोडवत नाही.

अच्युत दोन वर्षांचा असताना आई गेली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते, माणसांची चित्रं आणि निसर्गचित्रं काढणारे. कोकणातलं गाव आणि मुंबईतला पगार, अशी विभागलेली असंख्य घरं तेव्हा होती. त्यातलंच हे एक. फरक इतकाच की या घरात मनिऑर्डरीबरोबर रंग आणि कागदही होते. हात चित्रकाराचा असला की पोटापाण्यासाठी त्याला जोड काय द्यायची, हा प्रश्न मध्यमवर्गीय मराठी घरात हटकून उभा राहतो. आर्किटेक्चर हे त्याचं बरं उत्तर होतं. १९३५ मध्ये अच्युत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुकला विभागात दाखल झाला.

ती वर्षं मुंबईत बांधकामाच्या तेजीची होती. मरीन ड्राइव्हच्या भरावावर गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या सिमेंटच्या इमारती उठत होत्या. रीगल आणि इरॉससारखी चित्रपटगृहं, लिफ्ट, मोझेकच्या फरश्या. गजानन म्हात्रे यांच्यासारखे मराठी वास्तुकार हे नवं रूप सहज हाताळत होते. १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरलं. चाळीतल्या माणसानं तिथं जाऊन नव्या घराची स्वप्नं बघायची.

जे. जे.चा विभाग मात्र क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली होता, आणि बॅटली हे अजब प्रकरण होतं. व्यवसायानं अस्सल मुंबईकर इंग्रज आर्किटेक्ट. १९३० मध्ये उभं राहिलेलं बॉम्बे सेंट्रल स्टेशन त्यांचंच. पण शिकवताना ते म्हणत, आधी या देशातल्या जुन्या इमारती बघा, मोजा, काढा. भारतीय वास्तुकलेच्या घडणीवरचं त्यांचं १९३४ चं पुस्तक रेखाटनांनी भरलेलं आहे: छज्जे, खांब, जाळ्या, कमानी, सगळं मापांसकट. त्यांच्या विद्यार्थ्यांना टेप आणि ओळंबा घेऊन हिंडावं लागे. तांबट आळीतली ती तीन मुलं जे करत होती त्याची वंशावळ सरळ तिथपर्यंत जाते.

बॅटलींच्या शिकवणीत एक खोट होती असं माझं मत आहे. जुनं मोजणारा विद्यार्थी हळूहळू जुन्याचा तपशील उचलायला शिकतो. छज्जा मोजला की छज्जा लावावासा वाटतो. तो तिथं का आहे, हा प्रश्न मापात मावत नाही.

तो प्रश्न कानविंद्यांना भेटला तो साता समुद्रापलीकडे, आणि तिथवर त्यांना पोचवलं विज्ञानानं. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर यांच्या डोक्यात देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी होती. शास्त्रज्ञ होते, काही पैसा होता, पण प्रयोगशाळेची इमारत म्हणजे काय हे ठाऊक असलेले आर्किटेक्ट नव्हते. बंगला, कचेरी, कॉलेज यांचे नमुने तयार होते. गॅस, पाणी, वीज आणि विषारी धूर यांचे नळ ज्या इमारतीच्या अंगातून जायचे, आणि दहा वर्षांनी आत कुठलं यंत्र येईल हे कोणालाच सांगता येणार नाही, अशा इमारतीचा नमुना कुठून आणणार? परिषदेत काम करू लागलेल्या या तरुणाला सरकारनं १९४५ मध्ये उच्च शिक्षणासाठी हार्वर्डला पाठवलं.

हार्वर्डमध्ये वाल्टर ग्रोपियस होते. जर्मनीतल्या वायमार इथं १९१९ मध्ये त्यांनी बाउहाउस ही शाळा काढली होती. नाझींच्या काळात देश सोडून इंग्लंडमार्गे ते १९३७ मध्ये अमेरिकेत पोचले. त्यांच्याबरोबर बाउहाउसमधले मार्सेल ब्रॉयरही शिकवत. ग्रोपियस यांच्या धोरणातली एक गोष्ट म्हणजे इतिहासाचे सक्तीचे पाठ मागे सारणं. विद्यार्थ्यानं आधी जुनी देवळं नि राजवाडे बघितले तर तो त्यांच्या वजनाखाली दबेल, अशी त्यांची धारणा. बॅटलींच्या हाताखाली सगळं जुनं मोजून आलेला मराठी मुलगा त्यांच्या वर्गात जाऊन बसला. सासर-माहेर इतकं वेगळं क्वचितच असतं.

ग्रोपियस यांचं म्हणणं असं की मी शैली शिकवत नाही, प्रश्नाला भिडायची पद्धत शिकवतो. माणसं आत काय करणार, साहित्य कुठलं मिळतं, पैसा किती, हवा कशी, इथून सुरुवात. रूप शेवटी येईल. दुसरा आग्रह एकत्र कामाचा. एकट्या प्रतिभावंतानं कागदावर रेघ ओढायची आणि बाकीच्यांनी ती गिरवायची, हे त्यांना मान्य नव्हतं. १९४५ च्या अखेरीस त्यांनी तरुण सहकाऱ्यांबरोबर काढलेल्या फर्मचं नावच मुळी सहयोगावर बेतलेलं होतं. त्या वर्षांत हार्वर्डच्या टेबलांवर बसलेली मंडळीही साधी नव्हती. चीनहून आलेले आय. एम. पै तिथं होते, ज्यांनी पुढे पॅरिसच्या लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभा केला. नौदलातून परतलेले पॉल रुडॉल्फ होते. अमेरिकी वास्तुकलेची पुढची तीस वर्षं त्या वर्गांतून बाहेर पडायची होती, आणि आचऱ्याचे कानविंदे त्यांच्यातच बसून दिल्लीच्या प्रयोगशाळांचा विचार करत होते.

१९४७ मध्ये ते परतले ते देश स्वतंत्र होण्याच्या धामधुमीत. परिषदेचे मुख्य वास्तुकार म्हणून त्यांच्यापुढे काम भरपूर होतं. १९५० च्या जानेवारीत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची भौतिकी प्रयोगशाळा, दोन्ही तीन आठवड्यांच्या आत सुरू झाल्या. नेहरूंच्या सरकारचा तो वेगच होता.

कानविंद्यांची छाप पहिल्यांदा दिसली ती अहमदाबादला. गिरणीमालकांनी विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं कापडउद्योगाची संशोधन संस्था काढली होती, 'अटिरा'. तिची इमारत पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कानविंद्यांनी केली. ठेंगणी, लांबट, सपाट छपराची, एकही कमान नाही, एकही कळस नाही. तिथल्याच भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची इमारतही त्यांची. तिची कोनशिला १९५२ च्या फेब्रुवारीत सी. व्ही. रामन यांनी बसवली आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं. अहमदाबादचं नाव निघालं की सगळे कार्बुझिएचं नाव घेतात, आणि पाठोपाठ त्यांच्या हाताखाली पॅरिसला शिकलेल्या, पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचं. पण अहमदाबादेत आधुनिक इमारतीचा पाया घालणाऱ्यांत कानविंदेही होते.

आता खरं बोलायचं तर या पहिल्या इमारती मला अजून परक्या वाटतात. नेटक्या आहेत, काटकसरी आहेत, खोटं काही नाही. पण गुजरातच्या उन्हात सपाट स्लॅब आणि चौकोनी ठोकळा म्हणजे पाहुण्याचा कोट घालून शेतात उतरण्यासारखं आहे. पद्धत शिकून आलेल्यानं पद्धतीबरोबर शिक्षकाचे कपडेही आणले होते. यात कानविंद्यांचा दोष मोठा नाही. तरुणपणी सगळ्यांचंच असं होतं. बहुतेक जण आयुष्यभर तो कोट काढत नाहीत.

दिल्लीत तेव्हा दुसरा एक मराठी माणूस बरोबर उलट्या दिशेनं चालला होता. गणेश भिकाजी देवळालीकर, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे पहिले भारतीय प्रमुख. हे आडनाव ऐकलं की नाशिकजवळच्या देवळालीमुळं नाशिककराचे कान टवकारतातच. राहुरीकडेही एक देवळाली आहे, तिनंही हक्क सांगायला आमची हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाची इमारत देवळालीकरांची. २९ ऑक्टोबर १९५४ ला राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली, ४ ऑगस्ट १९५८ ला उद्घाटन केलं. मधोमध सुमारे साडेसत्तावीस मीटर उंच घुमट, पुढं खांबांची ओळ, दोन्ही बाजूंना पंख. तराजूचा आकार डोळ्यांपुढं ठेवून केलेली रचना. इंग्रजांच्या नव्या दिल्लीशी नातं न तोडता तिला देशी साज चढवायचा, असं हे धोरण.

स्वतंत्र देशाच्या इमारती कशा दिसाव्यात, यावर त्या काळात आर्किटेक्ट हमरीतुमरीवर येत. घुमट हवा की नको, छत्री हवी की नको. १९५९ च्या मार्चमध्ये ललित कला अकादमीनं दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरवला. नेहरू उद्घाटनाला आले आणि कार्बुझिएच्या चंडीगडबद्दल बोलले. आवडो न आवडो, ते शहर माणसाला विचार करायला लावतं, हा त्यांच्या बोलण्याचा गोळाबेरीज अर्थ. परिसंवादाचे निबंध संपादित करून पुस्तकरूपानं आणायचं काम कानविंद्यांनी केलं. घुमट-छत्रीच्या वादात त्यांची बाजू उघड होती. कामकाज, साहित्य आणि हवामान यांचं उत्तर देणारी इमारत आपसूक इथली होते, तिला टोपी घालावी लागत नाही.

बोलणं सोपं होतं. ते करून दाखवायची संधी त्याच वर्षी चालून आली, आणि ती देणाराही मराठीच निघाला.

पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे विद्युत अभियंते. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले, मुंबईची आयआयटी उभी करण्यात हात असलेले. १९५९ मध्ये कानपूरच्या आयआयटीचे ते पहिले संचालक झाले. तेव्हा संस्थेकडं होतं काय? हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत मागून घेतलेल्या काही खोल्या. आणि शहराबाहेर कल्याणपूरला ग्रँड ट्रंक रोडच्या कडेला हजार एकरांहून जास्त सपाट, उजाड जमीन. पुढे नऊ अमेरिकी विद्यापीठांचा गट मदतीला आला, १९६३ मध्ये आयबीएमचा संगणकही आला. पण इमारतींचं काम केळकरांनी सोपवलं ते कानविंद्यांवर. १९५५ मध्ये सरकारी नोकरी सोडून शौकत राय यांच्या भागीदारीत 'कानविंदे अँड राय' ही फर्म त्यांनी काढली होती.

केळकरांची मागणी इमारतींची नव्हतीच, माणसांची होती. गणितवाल्यानं स्थापत्यवाल्याला भेटलं पाहिजे, भौतिकीच्या प्राध्यापकाचं विद्युतवाल्याशी बोलणं झालं पाहिजे. विषयांची तटबंदी नको. आपल्याकडं प्रत्येक विभागाला आपली इमारत, आपलं दार आणि आपला शिपाई हवा असतो, हे ज्यानं एखाद्या विद्यापीठात चार दिवस काढलेत त्याला सांगायला नको. ही तटबंदी भाषणानं मोडत नाही. कानविंद्यांनी ती चालण्याच्या वाटेनं मोडली.

ग्रंथालय मध्यात, व्याख्यानगृहं, प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांच्या खोल्या भोवती, आणि या सगळ्यांना जोडणारे छपराचे मार्ग, तेही वरच्या मजल्याच्या पातळीवर. खाली सायकली, वर पायी चालणारे. मे महिन्यात कानपूरचं ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं. सावलीचा रस्ता एकच असेल तर गणितवालाही त्यावरूनच जाणार आणि स्थापत्यवालाही. भेट टाळायची तर उन्हात उतरावं लागेल. इमारतींचं रूप तसं साधं आहे, काँक्रीटचा सांगाडा उघडा, मधली वीट उघडी, वर गिलावा नाही. गिलाव्याचा खर्च वाचला आणि रंगाचा कायमचा वाचला. पण खरं डिझाइन तो मार्गच. आणि मार्ग प्लॅनमध्ये नुसती रेघ दिसतो. तो खालून वेगळा, वरून वेगळा आणि मधे सावली, हे छेदातच कळतं.

कानपुरानंतर विद्यापीठांची आवारं हा त्यांचा हातखंडा झाला. १९६९ मध्ये एच. जेम्स मिलर या अमेरिकी सहलेखकाबरोबर भारतातल्या विद्यापीठ-आवारांच्या रचनेवर त्यांनी पुस्तकच लिहिलं. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं यथास्थित. पण मला विचाराल तर बॅटली आणि ग्रोपियस या दोन गुरूंचं भांडण मिटलं ते पद्मश्रीच्या सुमारास, दुधाच्या कारखान्यात.

उत्तर गुजरातेतल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी. सत्तरच्या दशकाची सुरुवात. गावोगावच्या म्हशींचं दूध टँकर नि कॅनमधून येतं, तापतं, थंड होतं, त्याची पावडर होते, लोणी होतं. आत प्रचंड उष्णता आणि वाफ. दुधाच्या जागी माशी चालत नाही, ओल चालत नाही, कोंदटपणा तर मुळीच नाही. कानविंद्यांनी आधी दुधाची वाट काढली. जमिनीचा उतार वापरून दूध वरच्या अंगाला घ्यायचं आणि प्रक्रियेच्या पायऱ्या उतरत उतरत खाली आणायचं, जिथं होईल तिथं पंपाऐवजी गुरुत्वाकर्षणाला कामाला लावायचं. मग हवेची वाट काढली. छपरातून वर काँक्रीटचे उंच पोकळ मनोरे काढले, तिरक्या माथ्याचे, ओळीनं उभे. गरम हवा त्यातून वर चढते आणि बाहेर पडते. लांबून पाहिलं तर किल्ल्याचे बुरूज वाटावेत. शोभेसाठी लावलेला त्यातला एकही नाही.

पहिल्यांदा त्या इमारतीचा छेद मी एका मासिकात पाहिला तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. कुठंतरी बघितल्यासारखं वाटत होतं. वरून उघडी उभी पोकळी, तिच्या कडेनं काम करणारी माणसं, आणि तापून वर निघून जाणारी हवा. कानविंद्यांनी वाड्याची नक्कल केली असं मी म्हणत नाही. वाड्याचा खांब, कमान, नक्षी यातलं तिथं काहीच नाही. बॅटलींनी मोजायला लावलेलं जुनं आणि ग्रोपियसनी विचारायला लावलेला प्रश्न यांची गाठ पडायला पंचवीसेक वर्षं लागली, इतकंच. छज्जा कसा आहे ते टेपनं मोजता येतं. तो का आहे हे कळलं की मग छज्जाच लावायची गरज उरत नाही.

कानविंद्यांचं निधन २८ डिसेंबर २००२ ला झालं. वय ८६. शेवटपर्यंत काम सुरू होतं. महाराष्ट्रात त्यांचं नाव सामान्य वाचकाला माहीत नसण्याचं एक कारण सरळ आहे. त्यांनी आयुष्य दिल्लीत काढलं आणि बांधलं ते बहुतेक गुजरात, उत्तर प्रदेश, कर्नाटक आणि राजधानीत. दुसरं कारण आपलं आहे. आपण इमारतीचं उद्घाटन कोणी केलं ते संगमरवरावर कोरतो. ती कोणी केली, हे शोधायला कागद धुंडाळावे लागतात.

पण एक इमारत हाताशी आहे. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, १९८५ मध्ये सुरू झालेलं, ते कानविंद्यांचंच. नाशिकच्या शाळांच्या सहली तिथं जातात. पोरं आरशांच्या खोलीत वाकडी तोंडं करतात आणि डबा खाऊन बसमध्ये चढतात. यंदा मुलांना घेऊन गेलात तर तिकीट काढायच्या आधी पाच मिनिटं बाहेर थांबा आणि मान वर करून बघा. आणि तांबट आळीतला तो वाडा बघायचा असेल तर फार उशीर करू नका. मालकांनी बिल्डरशी बोलणी सुरू केली आहेत.